खुडूक कोंबडी आणि उबवणीचे यंत्र

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावरून आजवर अनेक विद्वानांची व्याख्याने झाली. कोणी ज्ञातीचा इतिहास सांगितला, कोणी शिक्षणाचे महत्त्व विशद केले, कोणी उद्योगधंद्यांचा मार्ग दाखविला. मी जुनी अकरावी उत्तीर्ण झालेला प्राथमिक शिक्षक. चौतीस वर्षे पाटीवर ‘ग म भ न’ गिरवून घेण्यापलीकडे मजजवळ पांडित्य नाही. चिटणीसांनी ‘गुरुजी, यंदा आपणही काही बोला’ असा आग्रह धरला, तेव्हा मी त्यांना माझा विषय सांगितला. ते क्षणभर स्तब्ध झाले, मग हसले. आपल्यापैकीही काहींना हसू येईल. माझा विषय आहे कोंबडीची पिल्ले : ती कशी काढावीत, कशी वाढवावीत, आणि त्यापासून आपल्या ज्ञातीने काय शिकावे. मात्र या विषयात मला एक चूकही सांगावयाची आहे. ती माझ्या हातून घडली, आणि जिचे त्यात नुकसान झाले ती भगिनी आज याच सभागृहात बसली आहे.

प्रथम थोडे मागचे सांगतो. मी दापोली तालुक्यातल्या एका वाडीत वाढलो. १९७४ साली मी शालान्त परीक्षेला बसलो. परीक्षेची फी भरण्याचा दिवस जवळ आला तेव्हा घरात भात होते, परंतु रोकड नव्हती. वडिलांनी सावकाराकडे जाण्याची तयारी केली होती. माझ्या मातोश्रींनी माजघरातल्या उतरंडीतून एक फडक्याची गाठ काढून त्यांच्यापुढे ठेवली. तो अंड्यांचा पैसा होता. कोकणातल्या घरी शेत पुरुषाचे असे, माड-पोफळी पुरुषाची असे, गुरेही पुरुषाची असत. परंतु कोंबडी बाईची असे. तिच्या अंड्याचा हिशेब कोणी विचारीत नसे. तो हिशेब कोणी विचारीत नव्हते, म्हणूनच मी मॅट्रिक झालो, असे मी आज जाहीरपणे सांगतो.

मातोश्रींना लिहिता-वाचता येत नव्हते. पण कोंबडी खुडूक झाली, की त्यांचे सारे शास्त्र सुरू होई. खुडूक म्हणजे काय, हे नव्या पिढीला सांगावयास हवे. दहापंधरा अंडी घालून झाली, की गावठी कोंबडी अंडी देणे थांबवते. ती एका जागी बसून राहते, पिसे फुलवते, जवळ कोणी गेले तर टोचावयास धावते, आणि घशातून एक विशिष्ट ‘कुडूक कुडूक’ असा आवाज काढते. या अवस्थेत तिच्या शरीरात प्रोलॅक्टिन नावाचा द्राव वाढलेला असतो, असे आजचे प्राणिशास्त्र सांगते. तिच्या पोटाखालची पिसे गळतात आणि तेथील उघडी, उष्ण कातडी थेट अंड्यांना लागते. निसर्गाने तिला जणू चालती-बोलती शेगडीच केलेले असते.

मातोश्री अंडी निवडीत ती मध्यम आकाराची, गुळगुळीत, न तडकलेली आणि आठवड्याच्या आतली. घाण लागलेले अंडे त्या धुवीत नसत, बाजूला ठेवीत. आज आपण पुस्तकात वाचतो, की कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात, त्यातून आतला जीव श्वास घेतो, आणि धुतल्याने कवचावरचे संरक्षक आवरण जाऊन जंतू आत शिरतात. मातोश्रींनी ते पुस्तक वाचले नव्हते. त्यांनी धुतलेल्या अंड्यांची कुजलेली रवाळी पाहिली होती. कोंबडी त्या नेहमी तिन्हीसांजेला बसवीत. दिवसा बसविलेली कोंबडी नव्या जागेवरून उठते, रात्री बसविलेली सकाळपर्यंत रमते, हा त्यामागचा अनुभव. अंडी विषम घेत : नऊ, अकरा, फार तर तेरा. डालग्यात भाताचा पेंढा, आणि पेंढ्यात एक लोखंडाचा तुकडा व दोन कोळसे. हे कशासाठी, असे मी विचारले की म्हणत, ‘बाळा, वीज कडाडली की अंडी मरतात.’

मी मॅट्रिक झाल्यावर या लोखंडाच्या तुकड्याची पुष्कळ थट्टा केली. ती थट्टा शास्त्राला धरूनच होती, कारण मेघगर्जनेने अंड्यातला जीव मरत नाही. परंतु त्या तुकड्याबरोबर मातोश्रींचे बाकीचे सारे ज्ञानही मी अडगळीत टाकले, ही माझी चूक. शिकलेल्या माणसाकडून ही चूक वारंवार होते. अडाणी माणसाची एक समजूत खोटी ठरली, की त्याचे दहा अनुभवही आपण खोटे धरतो.

आता यंत्राकडे वळतो. यंत्राने अंडी उबविणे ही कल्पना नवी नाही. इजिप्त देशात दोन हजार वर्षांपूर्वीपासून कच्च्या विटांच्या मोठ्या भट्ट्यांत हजारो अंडी एकदम उबवीत असत. अ‍ॅरिस्टॉटलच्या लेखनातही इजिप्तमधल्या कृत्रिम उबवणीचा उल्लेख आहे. त्या भट्ट्यांवरच्या कामगारांजवळ तापमापक नव्हता. ते अंडे डोळ्याच्या पापणीला लावून त्याची ऊब ओळखीत. हे मी वाचले तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो. कारण माझ्या मातोश्रीही कोंबडी चरावयास उठली, की अंडे उचलून पापणीलाच लावीत. नाईल नदीकाठचा तो कामगार आणि दापोली तालुक्यातली माझी आई यांची कधी गाठ पडली नव्हती. परंतु दोघांनाही ठाऊक होते, की हाताच्या राठ तळव्यापेक्षा पापणी अधिक जाणती असते.

पुढे अठराव्या शतकात रेओमूर नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने हा विषय हाती घेतला आणि १७४९ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. १८७९ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातील पेटालुमा या गावी लायमन बायस याने व्यवहारोपयोगी यंत्र तयार केले आणि ते गाव कुक्कुटपालनासाठी प्रसिद्धीस आले. यंत्र आल्यावर कोंबडीने अंड्यांवर बसण्याची गरज उरली नाही. उलट खुडूक होणारी कोंबडी तितके दिवस अंडी देत नाही, म्हणून व्यापाऱ्याला ती तोट्याची वाटू लागली. पिढ्यानुपिढ्या निवड करून खुडूक न होणाऱ्या जाती तयार झाल्या. पांढरी लेगहॉर्न ही त्यातली प्रमुख. आपल्याकडे बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठाने काढलेली गिरिराज, हैदराबादच्या संस्थेने काढलेली वनराज, या परसातल्या पालनासाठी चांगल्या जाती आहेत. त्यांचे वजन चांगले भरते, अंडीही गावठीपेक्षा जास्त मिळतात. परंतु त्यांच्यातही खुडूकपणा फारसा उरलेला नाही. ज्या घरी गावठी कोंबडी संपली आणि केवळ सुधारित कोंबडी राहिली, त्या घरी पुढची पिढी घरच्या घरी निघत नाही. ते घर पिल्लांसाठी कायमचे दुसऱ्यावर अवलंबून राहते.

सेवानिवृत्तीनंतर, २०१९ च्या डिसेंबरात, माझ्या मुलाने मुंबईहून मला साठ अंड्यांचे विजेवर चालणारे यंत्र आणून दिले. माझ्या आनंदाला पारावार राहिला नाही. ते मी पडवीत टेबलावर मांडले. वाडीतली मुले जमा झाली. मी त्यांना पृथ्वीच्या परिवलनाइतक्याच उत्साहाने त्या यंत्राची माहिती देत असे, आणि माहिती देताना दर घटकेला झाकण उघडीत असे. पहिल्या खेपेला साठातून अकरा पिल्ले निघाली. यंत्र वाईट निघाले, असे मी मुलाला कळविले.

वस्तुतः यंत्र वाईट नव्हते. गुरुजी वाईट विद्यार्थी होते. काय काय चुकले ते सांगतो, म्हणजे आपल्यापैकी कोणी यंत्र घेतले तर माझ्या चुकांची फी त्याला पुन्हा भरावी लागणार नाही.

पहिली गोष्ट उष्णतेची. आत पंखा असलेल्या यंत्रात ९९.५ ते १०० अंश फॅरनहाइट, म्हणजे ३७.५ ते ३७.८ सेल्सिअस, एवढी उष्णता एकवीस दिवस राहिली पाहिजे. पंखा नसेल तर अंड्यांच्या माथ्याशी मोजून एक-दीड अंश फॅरनहाइट अधिक. माझ्या यंत्रातला तापमापक प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवीत होता. घरातला ताप पाहण्याचा तापमापक शेजारी ठेवून ताडा घ्यावा, एवढी साधी युक्ती मला सुचली नाही. यंत्रावरचा आकडा म्हणजे वेदवाक्य, असे मी धरून चाललो.

दुसरी गोष्ट ओलाव्याची. पहिले अठरा दिवस हवेतला ओलावा पन्नास-पंचावन्न टक्के आणि शेवटचे तीन दिवस पासष्ट-सत्तर टक्के असावा, असे पुस्तक सांगते. पण पुस्तक कोकणासाठी लिहिलेले नसते. पावसाळ्यात आपली हवा मुळातच इतकी ओली असते, की तीच हवा यंत्रात तापली तरी पन्नास टक्क्यांच्या आसपास राहते. तेव्हा पहिले अठरा दिवस यंत्राच्या तबकात पाणी घालण्याची बहुधा गरजच पडत नाही. उलट थंडीत हवा कोरडी असते, तेव्हा पाणी न घातल्यास आतली त्वचा पापडासारखी सुकते. मी डिसेंबरात तबक कोरडे ठेवले आणि पिल्ले त्या सुकलेल्या त्वचेत अडकून मेली.

तिसरी गोष्ट फिरविण्याची. कोंबडी दिवसरात्र चोचीने अंडी हलवीत, फिरवीत असते. तसे न झाल्यास आतला जीव कवचाच्या बाजूला चिकटतो. हाताने फिरवावयाची झाल्यास अठराव्या दिवसापर्यंत दिवसातून निदान तीन किंवा पाच वेळा अंडी फिरवावीत. वेळा विषम असल्या म्हणजे रात्रभर अंडे रोज एकाच कुशीवर राहत नाही. मातोश्रींच्या विषम संख्येला असा एक वेगळाच उपयोग मला सापडला.

चौथी गोष्ट संयमाची, आणि ती मला सर्वांत कठीण गेली. अठराव्या दिवसानंतर झाकण उघडू नये. पिल्लू कवचाला पहिले छिद्र पाडते, मग कित्येक तास स्वस्थ पडून राहते. पाहणाऱ्याला वाटते, ते दमले, मरावयास टेकले. मी दया येऊन कवच सोलले. आत रक्तवाहिन्या अजून ओल्या होत्या, पोटात बलक पुरता ओढला गेला नव्हता. पिल्लू माझ्या तळहातावर गेले. ते दमले नव्हते, तयारी करीत होते. चौतीस वर्षे मुलांना शिकविताना ‘उत्तर सांगू नका, त्याला विचार करू द्या’ हे तत्त्व मी पाळीत आलो होतो. पण येथे मला त्याचा विसर पडला.

दुसऱ्या खेपेला मी या चारही गोष्टी सांभाळल्या आणि साठातून एक्केचाळीस पिल्ले मिळाली. माझी मान ताठ झाली. वाडीत मी यंत्राचा पुरस्कर्ता म्हणून बोलू लागलो. कोंबडी खुडूक झाली, की तिला पाण्यात बुडवून खुडूक मोडा, पुन्हा अंड्यावर येऊ द्या, आणि अंडी माझ्याकडे आणा, असे मी घरोघर सांगितले.

आमच्या वाडीत एक विधवा भगिनी आहे. मी तिला वहिनी म्हणतो. त्या वर्षीच्या थंडीत मानमोडीने, म्हणजे राणीखेत रोगाने, तिच्या कोंबड्या एकामागून एक गेल्या आणि केवळ पाच उरल्या. तिने आठ दिवस एकही अंडे विकले नाही, मुलीला खाऊ दिले नाही, आणि ती जमविलेली वीस अंडी परकराच्या ओच्यातून नव्हे, तर तांदळात पुरून, डब्यातून माझ्याकडे आणून दिली. मी प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने तिची खूण केली. १७ मे २०२० रोजी तिची वीस व माझी चाळीस अशी साठ अंडी मी यंत्रात ठेवली.

पुढे काय झाले ते येथे बसलेल्या दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडच्या मंडळींना सांगावयास नको. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आले. दुपारपर्यंत वाडीतली पोफळीची बने झोपली, माड मोडले, घरांची कौले पानांसारखी उडाली. विजेचे खांब आडवे झाले, आणि वीज परत येण्यास पुढे कित्येक आठवडे लागले. यंत्रातल्या अंड्यांचा तो सतरावा दिवस होता.

संध्याकाळी यंत्र गार पडले. मी अंडी गोधडीत गुंडाळली. एवढ्यावर थांबलो असतो तर कदाचित बरे झाले असते, कारण वाढ झालेल्या अंड्यातला जीव काही तासांचा गारवा सोसू शकतो. कोंबडीही रोज पाऊण घटका चरावयास उठतेच. परंतु मला राहवले नाही. मी एका लाकडी पेटीत अंडी रचून मधोमध पेटता कंदील ठेवला आणि वर पोते टाकले. छप्पर गळत होते, सौभाग्यवती भांडी मांडीत होती, दिवसभराच्या धास्तीने माझा डोळा लागला. पहाटे पाहतो तो पेटीतल्या तापमापकाचा पारा १०८ अंशांच्याही वर गेला होता. गारठ्याने जे मेले नसते, ते माझ्या काळजीने भाजून मेले. अति उष्णता गारठ्याहून अधिक घातक असते, हे वाक्य मी पुस्तकात अधोरेखित केलेले होते.

उजाडल्यावर वहिनी आली. तिच्या घराचे अर्धे छप्पर गेले होते. ती अंडी विचारावयास आली, असे वाटून मी मान खाली घातली. ती म्हणाली, ‘गुरुजी, माझी तांबडी बसलेली आहे. तिच्याखाली घालू या का काही?’

माझ्या उपदेशाप्रमाणे तिने ती कोंबडी पाण्यात बुडवावयास हवी होती. तिने बुडविली नव्हती. खाली घालावयास तिच्याजवळ अंडी नव्हती, सगळी माझ्याकडे दिलेली होती. म्हणून तिने दोन गुळगुळीत गोटे ठेवून कोंबडीला दहा दिवस तशीच बसू दिली होती. वादळात चुलीमागच्या कोपऱ्यात, डालग्यात, ती कोंबडी बसूनच होती. वर छप्पर नव्हते, खाली दोन दगड होते, आणि ती उठली नव्हती.

वहिनीने पेटी पाहिली. कंदिलापासून दूर, तळाच्या एका कोपऱ्यातली अंडी गारच राहिली होती. ती एकेक उचलून तिने पापणीला लावली, माझ्या विजेरीने आरपार पाहिली आणि बारा निवडली. तिन्हीसांज होण्याची वाट न पाहता ती तांबडीखाली सरकविली. ७ जूनला निघावयाची पिल्ले एक दिवस उशिरा, ८ जूनला निघाली. बारातून सात. माझ्याकडे उरलेल्या अठ्ठेचाळीसांतून एकही नाही.

कवचांवरच्या पेन्सिलीच्या खुणा मी पाहिल्या. सातांपैकी तीन तिच्या खुणेची होती, चार माझी. मी सातही तिनेच ठेवावीत असे म्हटले, आणि तिच्या वाया गेलेल्या अंड्यांची भरपाई देऊ लागलो. ती म्हणाली, ‘भरपाई नको. पण पुढल्या खेपेला कोंबडी मोडा असं कोणाला सांगू नका.’ आणि मग पिल्लांकडे पाहून म्हणाली, ‘हिला कुठं खुणा वाचता येतात, गुरुजी? ती सातही आपलीच म्हणते.’ त्या दिवशी तिला दिलेला शब्द मी आज आपणा सर्वांसमक्ष पुन्हा देतो.

बंधुभगिनींनो, या गोष्टीवरून ‘यंत्र वाईट, जुने ते सोने’ असा निष्कर्ष कोणी काढील तर तो चुकीचा ठरेल. मी यंत्र फेकून दिले नाही. ते आजही चालते. कोंबडीच्याही मर्यादा आहेत. ती दहाबारा अंड्यांवर बसते. आपल्या सोयीच्या दिवशी बसत नाही. आणि पिल्ले घेऊन हिंडते त्या काळात घार, कावळा, मुंगूस, बोका यांनी अर्धी पिलावळ नेलेली आपण सर्वांनी पाहिली आहे. प्रश्न यंत्र की कोंबडी हा नाहीच. कोणते काम यंत्राचे आणि कोणते कोंबडीचे, हा खरा प्रश्न आहे. त्याचे जे उत्तर आमच्या वाडीने शोधले, ते सांगून मी माझे भाषण संपवीन.

आमच्या वाडीत आता सात घरे मिळून पिल्ले काढतात. प्रत्येक घर आपली ताजी अंडी खूण करून माझ्याकडे देते. यंत्रात ती एकाच दिवशी बसतात. सातव्या दिवशी विजेरीने पाहून रिकामी अंडी काढतो. त्याच सुमारास ज्या घरी कोंबडी खुडूक असेल, ती मोडावयाची नाही. तिला गोटे किंवा खोटी अंडी देऊन बसू द्यावयाचे. एकविसाव्या दिवशी यंत्रात पिल्ले निघाली, ती सुकून फुलली, की रात्री अंधारात ती त्या कोंबडीच्या पोटाखाली सरकवावयाची आणि गोटे काढून घ्यावयाचे. दोन आठवड्यांहून अधिक बसलेली कोंबडी एक-दोन दिवसांची पिल्ले बहुधा आपली म्हणून स्वीकारते. एका कोंबडीला बारा-पंधरा पिल्ले सांभाळता येतात. सकाळी मात्र लक्ष ठेवावे. एखादी टोचते, तिच्याकडून पिल्ले लगेच काढावीत. ऊब देण्याचे, दाणा दाखविण्याचे, घारीची चाहूल देण्याचे शिक्षण कोंबडी देते. ते कोणत्याही यंत्राने दिलेले मी पाहिलेले नाही.

ज्यांना कोंबडी मिळाली नाही ती पिल्ले दिव्याखाली वाढतात. टोपलीभोवती पत्र्याचे गोल कडे, खाली भाताचे तूस, वर दिवा. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पातळीवर ९५ अंश फॅरनहाइट, पुढे दर आठवड्याला पाच अंश कमी. तापमापक नसला तरी पिल्लेच सांगतात : दिव्याखाली गर्दी करून चिवचिवाट केला तर थंडी, चोच उघडून कडेला पळाली तर उकाडा, आणि सर्वत्र पसरून स्वस्थ असली तर ठीक. आधी पाणी, मग दाणा. पाण्याचे भांडे उथळ असावे आणि त्यात खडे टाकावेत, नाहीतर पिल्ले बुडतात. गुळगुळीत कागदावर ठेवल्यास त्यांचे पाय फाकतात. नुसत्या कणीवर पिल्लांचे अंग भरत नाही; पहिले सहा आठवडे पिल्लांचे खाद्य द्यावे किंवा कणीत भरपूर पेंड व सुकी मासळी कुटून घालावी.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. परसातल्या कोंबड्या घार नेते त्याहून अधिक मानमोडी नेते. तिच्यावर लस आहे. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात. पुढची टोचणी आठव्या आठवड्याच्या सुमारास. देवीची लस त्याच्या थोडी आधी. हे सारे पशुवैद्यकीय दवाखान्याच्या सल्ल्याने करावे. मग गावठी कोंबड्यांना लस का दिली जात नाही? कारण लसीची बाटली शंभर किंवा अधिक मात्रांची येते. ती बर्फात ठेवावी लागते, आणि एकदा कालविली की दोन तासांच्या आत संपवावी लागते. नऊ पिल्लांसाठी कोण ती आणील? वहिनीच्या कोंबड्या मेल्या त्या तिच्या आळसाने नव्हेत. बाटली तिच्या एकटीच्या मानाने मोठी होती म्हणून मेल्या.

परंतु सात घरांची सारी पिल्ले एकाच दिवशी निघाली, तर एक बाटली सर्वांना पुरते. यंत्राचा खरा लाभ मला येथे दिसला. सर्वांचा दिवस एक करणे, हे काम सात खुडूक कोंबड्या सात निरनिराळ्या वेळी बसून करू शकत नाहीत. आणि एकटे यंत्रही ते करू शकत नाही; त्यासाठी सात घरांना आपली अंडी एका जागी ठेवावी लागतात, म्हणजे एकमेकांवर विश्वास ठेवावा लागतो. लसीचा नेम धरल्यापासून आमच्या सात घरांत मानमोडीने खुराडे रिकामे झालेले नाही.

ज्ञातिसंस्था म्हणजे तरी दुसरे काय? बाटली एकाच्या मानाने मोठी असते, म्हणून सात घरे एकत्र येतात. वसतिगृह एकाला बांधता येत नाही, शिष्यवृत्ती एकाला देता येत नाही. माझी कार्यकारी मंडळास नम्र सूचना आहे, की आपल्या साहाय्यनिधीतून भगिनींना शिवणयंत्रे दिली जातात ती अवश्य द्यावीत. परंतु ज्या वाडीत पाच घरे तयार असतील, तेथे एक लहान उबवणी यंत्र, एक भरवशाची बॅटरी आणि लस आणण्यासाठी एक बर्फपेटी द्यावी. खर्च फार नाही. अट एकच असावी : त्या वाडीतली गावठी कोंबडी नाहीशी होता कामा नये, आणि यंत्राजवळ बसणाऱ्या शिकलेल्या माणसाने कोंबडी पाळणाऱ्या बाईला विचारल्याशिवाय काही करू नये. ही अट माझ्यासारख्यांसाठी आहे.

या कामासाठी पहिली देणगी म्हणून मी माझ्या निवृत्तिवेतनातून लहानशी रक्कम आज चिटणीसांच्या स्वाधीन करतो. ती देणगी नव्हे. वीस अंड्यांचे जुने देणे आहे. जिचे होते तिने ते घेतले नाही, म्हणून ते ज्ञातीच्या खाती जमा करीत आहे.



जय हिंद, जय महाराष्ट्र.